एकाच मळ्यातली फिनो शेरी उघडली आहे, रविवारी तिच्याबरोबर काय रांधू?

पाचोळा

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

धाकटे दीर कामानिमित्त दक्षिण स्पेनला गेले होते. येताना हेरेस गावाहून एक बाटली घेऊन आले. व्हाल्देस्पिनो या जुन्या पेढीची 'इनोसेन्ते' नावाची फिनो शेरी, म्हणजे तिकडच्या वाईनचा एक प्रकार. खाली 'माचार्नुदो आल्तो' असं लिहिलंय. "वहिनी, ही एकाच मळ्यातल्या द्राक्षांची आहे, विचार करून उघडा," एवढं सांगून दुसऱ्या दिवशी ते बंगळूरला निघूनही गेले.

आम्ही दोघांनी ती परवा रात्री जेवण झाल्यावर उघडली. शेरी म्हणजे गोड, असं डोक्यात होतं, म्हणून छोट्या पेल्यांत, न गार करता, गुलाबजामबरोबर घेतली. रंग फिका, वाळल्या गवतासारखा. वास हिरव्या सफरचंदाच्या सालीचा, भिजवून सोललेल्या बदामाचा आणि नुकत्या चुना दिलेल्या भिंतीचा. घोट घेतला तर गोडव्याचा मागमूस नाही. ठणठणीत कोरडी, शेवटी कडसर आणि चक्क खारट. गुलाबजामनंतर तर तोंडात नुसता आंबूस कडवटपणा उरला. दोघांनीही पेला खाली ठेवला.

काल दुपारी मात्र फ्रिजमधून काढून अर्धा पेला घेतला, बरोबर खारे शेंगदाणे होते. तीच बाटली, पण ओळखू येईना! शेंगदाण्यांची खमंग चव दुप्पट झाली आणि तो कडसरपणा हवाहवासा वाटला.

बाटली पाऊण भरलेली आहे. रविवारी चार जण जेवायला आहेत. घरात मासे होतात, सासूबाई मात्र शाकाहारी आहेत (आणि वाईन घेत नाहीत, पण वास घेऊन मत देतात). दोन प्रश्न आहेत. हिच्याबरोबर काय करू? आणि एकाच मळ्यातली असण्याने चवीत खरंच काही फरक पडतो का?

खाडीकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: बोंबील. ताजे, चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढलेले, रव्यात घोळवून तळलेले. वाईनमधलं मला फार कळत नाही, पण तुम्ही जे खारट-कडसर-कोरडं लिहिलंय ते वाचून तोंडात बोंबीलच आला.

सेव्हियाकर

पाचोळा, गुलाबजामचं मनाला लावून घेऊ नका. मी अकरा वर्षं सेव्हियात (इंग्रजीत सेव्हिल), म्हणजे दक्षिण स्पेनमध्येच, राहतोय आणि भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा शेरी गोड असते असं समजूनच येतो.

आधी बाटलीची निगा. फिनो उघडली की तिचं आयुष्य थोडं. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. रविवारपर्यंत टिकेल, त्यापुढे नको. वाढताना ७ ते ९ अंश सेल्सिअस. ठाण्या-मुंबईच्या हवेत बाटली टेबलावर दहा मिनिटं राहिली तरी कोमट होते, म्हणून बर्फाच्या पाण्याचं भांडं जवळ ठेवा. तो छोटा पेला कपाटात जाऊ द्या. साधा पांढऱ्या वाईनचा पेला घ्या, एक तृतीयांशच भरा. वासाला जागा लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिनो ही जेवणानंतरची नव्हे, जेवणाबरोबरची वाईन आहे. १५ टक्के मद्यार्क आहे म्हणून लोक तिला दारूसारखी चाखत बसतात. इथे हेरेसच्या ताबान्कोत, म्हणजे पिंपातून वाईन देणाऱ्या जुन्या गुत्त्यात, कुणी नुसती फिनो मागितली तरी बरोबर बशीत काहीतरी येतंच. ऑलिव्ह, खारे बदाम, चीजचा तुकडा, हॅमची कापं. इथली एक म्हण तुमच्या स्वयंपाकघरात लावून ठेवा: पोहतं त्याला फिनो, उडतं त्याला अमोन्तियादो, धावतं त्याला ओलोरोसो. माशाला फिनो, पक्ष्याला तिची तांबूस मोठी बहीण, मटणाला सगळ्यात गडद ती. म्हणजे खाडीकाठ यांनी म्हण न ऐकताच बरोबर उत्तर दिलंय.

अजून एक. कादिस किनाऱ्यावर तोर्तियितास दे कामारोनेस नावाचा पदार्थ करतात. बारीक कोळंबी सालीसकट, कांदा, पार्सली, आणि पीठ कुठलं? गव्हाच्या पिठात मिसळलेलं हरभऱ्याच्या डाळीचं. पातळ पीठ तेलात पसरून जाळीदार कुरकुरीत तळायचं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं, "अगं, इथे जवळ्याची भजी मिळतात!" फिनोबरोबर याहून चांगलं काही मी खाल्लेलं नाही.

खाडीकाठ

सेव्हियाकर, काय सांगता! आमच्याकडे ओल्या जवळ्याची भजी आजी करायची, पण ती जाड आणि लाल तिखटाची.

पाचोळा, रविवारी हेच करा. ओला जवळा दोन वाट्या, तीन-चार पाण्यांतून धुऊन गाळणीत निथळत ठेवा. जवळ्यात बारीक वाळू असते, इथे घाई केलीत तर सगळं फुकट. एक कांदा अगदी बारीक, मूठभर कोथिंबीर, मीठ बेतानं, कारण जवळा स्वतःच खारट असतो. अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, पाणी घालून घावनाच्या पिठाइतकं पातळ. सोडा नको. कढईऐवजी पसरट तव्यात दोन बोटं तेल तापवा, डावेनं पीठ सोडा आणि डावेच्या पाठीनं लगेच पसरवा. कडा तपकिरी झाल्या की उलटा. मी आत्ताच करून बघितलं, जाळी मस्त पडते. हिरवी मिरची घालायचीच तर एक, बिया काढून.

तर्कट

पदार्थ छान, पण धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. फिनोत 'एकाच मळ्यातली' हे बाटलीवर शोभतं, पेल्यात सापडत नाही. फिनो ज्याची करतात ते पालोमिनो द्राक्षच मुळात बेचव. त्यात वरून द्राक्षाचा मद्यार्क घालायचा. मग वर्षानुवर्षं यीस्टच्या थराखाली ठेवायचं. मग सोलेरा पद्धतीत जुनं-नवं सारखं मिसळत राहायचं. एवढं सगळं झाल्यावर जमिनीचं काय शिल्लक राहणार? फोडणी, मसाला, वाटण सगळं घातल्यावर दुधी कुठल्या वाडीतला हे विचारण्यासारखं आहे. शेरी घडते ती पिंपांच्या कोठारात, मळ्यात नाही. विसाव्या शतकात मोठ्या पेढ्यांनी स्वतःच हेच जगाला सांगितलं आणि वेगवेगळ्या मळ्यांची वाईन बिनदिक्कत एकत्र केली.

रसायन

तर्कट यांच्या मुद्द्याकडे येतेच, आधी तो यीस्टचा थर काय असतो ते सांगते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा विषय माझा फार लाडका आहे.

आंबवून तयार झालेल्या पालोमिनोच्या वाईनमध्ये साधारण ११-१२ टक्के मद्यार्क असतो. तो वाढवून १५ वर नेतात. १५च का? कारण तिथे वाईनचं व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना जगणं अवघड होतं, पण एका विशिष्ट यीस्टला अजून जगता येतं. १७च्या वर गेलं की तेही मरतं. मग वाईन ६०० लिटरच्या ओकच्या पिंपात भरतात, पण ५०० लिटरच. वर मुद्दाम हवा ठेवतात. त्या हवेच्या आणि वाईनच्या सीमेवर दुधावर साय धरावी तसा पांढरा पापुद्रा धरतो. त्याला तिकडे 'फ्लोर', म्हणजे फूल, म्हणतात. आपल्या आयांनी लोणच्यावर अशी पांढरी साय पाहिली असती तर बरणीच टाकून दिली असती. इथे तीच वाईन राखते.

ही साय हवा खाली जाऊ देत नाही, म्हणून वाईन काळी पडत नाही. शिवाय ती वाईनमधला थोडा मद्यार्क आणि जवळजवळ सगळं ग्लिसरॉल खाते. ग्लिसरॉल म्हणजे वाईनची गुळगुळीत जाडी. ते गेलं म्हणून पाचोळा यांना ती 'ठणठणीत कोरडी' लागली. आणि साय जे सोडते ते ॲसिटाल्डिहाइड. हिरव्या सफरचंदाच्या सालीचा वास त्याचा. धागाकर्तीचं नाक पहिल्याच दिवशी अचूक होतं.

खारटपणाचं म्हणाल तर मीठ कुणी घातलेलं नसतं. गोडवा आणि जाडी दोन्ही निघून गेल्यावर जीभ जे उरलं त्याला खारट म्हणते.

गोधडी

माझा प्रतिसाद थोडा अवांतर. मी १९७९ साली लग्न होऊन इंग्लंडला आले. नाताळात शेजारीण गोड, दाट, तपकिरी शेरी द्यायची आणि ट्रायफलच्या केकवरही तीच ओतायची. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी इंग्रजांच्या जिभेसाठी अशी गोड शेरी घडवली आणि तीच इथे घरोघर पोचली. शेरी गोड असते हा आपला समज तिथूनच आला असावा. कोरडी फिनो मी पहिल्यांदा प्यायले ती साठीनंतर, नातवाने आणलेली. तळलेल्या माशाबरोबर. त्यानंतर गोड शेरीची बाटली घरात आली नाही.

द्राक्षकरी

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, त्यातली तीन एकर वाईनची. तर्कटसाहेब, तुम्ही दुधीचं उदाहरण दिलं म्हणून लिहितोय. दुधी कुठल्या वाडीतला ते फोडणीतही कळतं हो, पण ते राहू द्या.

हेरेसच्या जमिनीला तिकडे अल्बारिसा म्हणतात. पांढरीशुभ्र. जुन्या समुद्राचा तळ आहे तो, चुना आणि डायाटम नावाच्या बारीक समुद्री जीवांचे सांगाडे. आमच्याकडे चुनखडीचं रान म्हटलं की द्राक्षवाला आधी हात जोडतो. वेलीला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. त्यांच्याकडे तर सगळं रानच चुनखडीचं. १८९४ साली तिथे फिलोक्सेरा पोचला, मुळं खाणारी कीड. सगळ्या बागा उपटून अमेरिकी खुंटावर कलमं करावी लागली, तेव्हा चुना सोसणारा खुंट शोधणं हाच मोठा प्रश्न होता. आपण डॉगरिज खुंट लावतो ते वेगळ्या कारणानं, खारट पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून.

मग अशा जमिनीचा फायदा काय? पाणी. तिथे वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस, तोही हिवाळ्यात. उन्हाळ्यात थेंब नाही. आमची बाग ठिबकवर जगते, त्यांची परंपरेनं कोरडवाहू. अल्बारिसा स्पंजासारखी पाणी शोषते आणि उन्हात वरून पापडी धरते, त्यामुळे खालची ओल उडत नाही. काढणी झाली की दोन ओळींमध्ये चौकोनी खड्डे काढतात, हिवाळ्याचा पाऊस त्यात थांबतो, वसंतात परत रान सपाट करतात. आपले समतल चर आठवा. एवढी मेहनत एका विशिष्ट टेकाडावर शेकडो वर्षं चालली असेल तर त्या टेकाडाला काही अर्थ असणारच, असं मला बागाईतदार म्हणून वाटतं.

एक फरक सांगतो. आम्ही एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशी वर्षात दोनदा कात्री लावतो, कारण आमची वेल झोपतच नाही. त्यांची वेल थंडीत झोपते. आमची तोडणी जानेवारी ते मार्च, त्यांची ऑगस्टात सुरू.

तर्कट

द्राक्षकरी, जमिनीबद्दल जे लिहिलंत ते मनापासून आवडलं. पण माझा आक्षेप जमिनीला नाही, सोलेराला आहे. मिसळण्याला.

सेव्हियाकर

तर्कट, मिसळण्याबद्दल. सोलेरा म्हणजे पिंपांच्या पायऱ्या. सगळ्यात जुन्या पिंपातून थोडी वाईन भरण्यासाठी काढतात, ती जागा त्याच्या वरच्या पायरीतल्या वाईनने भरतात, तिची त्याच्या वरच्या, आणि सगळ्यात वर या वर्षीची नवी. आपलं विरजण तसंच. कालच्या दह्यात परवाचं असतंच. त्यामुळे बाटलीवर साल नसतं, हे खरं. पण बघा, सोलेरात साल पुसलं जातं, जागा नाही. सगळ्या पायऱ्यांत एकाच मळ्याची वाईन जात असेल तर दहा वर्षं काय, पन्नास वर्षं मिसळा, मळा तोच राहतो. जागा पुसली जाते ती दहा मळ्यांची वाईन पहिल्याच पायरीवर एकत्र केली तर.

इनोसेन्ते वेगळी आहे ती इथे. द्राक्षं फक्त माचार्नुदो आल्तोची. माचार्नुदो हा हेरेसच्या वायव्येचा मळ्यांचा टापू आणि आल्तो म्हणजे त्याचा उंच भाग. समुद्रापासून आत, त्यामुळे वाईनला अंग जास्त. समुद्राकडच्या बाल्बायना टापूची वाईन हलकी, असं इथले जुने लोक सांगतात. दुसरं म्हणजे आजकाल बहुतेक फिनो स्टीलच्या टाक्यांत आंबवतात, ही अजून लाकडी पिंपांत आंबवतात, द्राक्षावरच्या मूळच्या यीस्टने. आणि सोलेराच्या पायऱ्या दहा. पेल्यात येणारी वाईन सरासरी दहाएक वर्षांची. कायद्याने दोन वर्षंही पुरतात.

आणि द्राक्ष बेचव आहे हा दोष नव्हे. पालोमिनोला स्वतःचं बोलणं कमी, म्हणून जमीन आणि साय या दोघींचं ऐकू येतं.

तर्कट

विरजणाचा मुद्दा मान्य. साल पुसतं आणि जागा राहते, हे मी असं कधी मांडून पाहिलं नव्हतं. पण मग एक सांगा: तुम्ही म्हणता ते अंग जमिनीचं, की लाकडात आंबवल्याचं, की दहा वर्षांच्या सायीचं? तीन गोष्टी एकाच वेळी वेगळ्या असतील तर श्रेय एकट्या मळ्याला कसं देता येईल?

रसायन

हा प्रश्न रास्त आहे. वेगळं करून दाखवायचं तर त्याच पेढीने त्याच पद्धतीने दुसऱ्या मळ्याची फिनो करून शेजारी ठेवायला हवी.

सेव्हियाकर

उलटी कसोटी मात्र मी केली आहे. त्याच पेढीची 'तिओ दिएगो' नावाची अमोन्तियादो आहे, तीही माचार्नुदोचीच. म्हणजे तीच वाईन, सायीखाली वाढलेली, मग साय सरल्यावर हवेत तांबूस झालेली. दोन पेले शेजारी ठेवून प्यायलो. रंग वेगळा, वास वेगळा, एक बदाम तर दुसरी अक्रोड. पण घोट गिळल्यावर जिभेच्या मागे उरणारी खडूसारखी पकड दोन्हींत एकच. तर्कट, हा पुरावा नाही, माझ्या जिभेची साक्ष आहे. पण मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

मांडवी

गोव्याहून नमस्कार. आमच्याकडे मद्यार्क घातलेली वाईन म्हणजे गोड लाल पोर्ट, लग्नात आणि नाताळात. कोरडी, पांढरी, आणि तीही मद्यार्क घातलेली, हे इथे अनेकांच्या गावीही नसतं.

एक जुनी गोष्ट आठवली. पोर्तुगीज जहाजं मदेरा बेटावरून मद्यार्क घातलेली वाईन घेऊन भारताकडे यायची. उष्ण कटिबंधातून हलत-डुलत, तापत जाऊन जी पिंपं न विकता परत पोचायची, त्यांतली वाईन अधिक चांगली झालेली असायची. तिला 'विन्यो दा रोदा', फेरी मारून आलेली वाईन, असं नाव पडलं. पुढे बेटावरच वाईन मुद्दाम तापवू लागले. मद्यार्क मुळात घालायचे तो असल्या प्रवासात वाईन टिकावी म्हणूनच.

पाचोळा, मुडदुशे मिळाले तर घ्या. हळद, मीठ, किंचित लिंबू, रवा. बांगड्याचं रेचाद मात्र नको, व्हिनेगर आणि मिरची दोन्ही फार होतं.

सेव्हियाकर

मांडवी, मसाल्याच्या वाटेची अजून एक गाठ. मॅजेलनची जहाजं १५१९ साली मसाल्याच्या बेटांकडे निघाली ती शेरीच्याच मुलखातून, सानलूकारच्या बंदरातून. १५२२ साली एकच जहाज परत आलं, तेही सानलूकारलाच. लवंगा भरून!

व्हिनेगरबद्दल मात्र असहमत. इथे बोकेरोनेस, म्हणजे व्हिनेगरात मुरवलेले छोटे मासे, फिनोबरोबरच खातात. गास्पाचो, म्हणजे टोमॅटो-व्हिनेगरचं गारेगार सार, तेसुद्धा, ज्याच्याबरोबर बाकीच्या वाईन हात टेकतात. फळाच्या गोडव्यावर उभी असलेली वाईन व्हिनेगरने कोसळते. फिनोत तो गोडवा नाहीच, कोसळणार काय? रेचादमध्ये अडचण मिरचीची आहे. १५ टक्के मद्यार्कावर तिखट दुप्पट जाळतं.

आणि हो, बोकेरोनेस आणि आपली मांदेली एकाच कुळातली. मांदेली मिळाली तर मीठ-हळद लावून नुसत्या पिठात घोळवून कुरकुरीत तळा.

खाडीकाठ

मांदेलीला +१. डोकं काढून, शेपटीसकट.

वरणभात

सासूबाईंची ताटली कोण बघणार? त्या वाईन घेत नसल्या तरी टेबलावर शाकाहारी पदार्थ असणारच, आणि माझ्यासारखे फिनो पिणारे शाकाहारीही असतात.

कोथिंबीर वडी, पण गूळ न घालता. भाजलेले काजू. लसणीची शेव. सुरळीच्या वड्या, खोबरं कमी, मोहरी-हिंगाची फोडणी. पांढऱ्या तिळाची चटणी लावलेली बाजरीची भाकरी आणि ताजं लोणी, हे माझं आवडतं. तिकडे बदाम, लसूण, पाव आणि व्हिनेगरचं थंड सार करतात, आहोब्लांको. टोमॅटो युरोपात यायच्या आधीपासूनचं. तेही घरी सहज होतं, बदाम भिजवून वाटायचे एवढंच.

अळूवडी नको. मला प्राणांहून प्रिय आहे, पण चिंच-गूळ आला की फिनो पुन्हा पहिल्या रात्रीसारखी आंबूस लागेल.

मांडवी

अळूवडी नको?! गूळ निम्मा करा, तीळ दुप्पट करा, मग सांगा.

वरणभात

निम्मा करून पाहिला आहे, मांडवी. अळूवडीही रुसली आणि फिनोही.

गोधडी

सोलकढीचं काय? मासे म्हटले की माझ्या घरी सोलकढी हवीच.

खाडीकाठ

गोधडीताई, सोलकढी शेवटी, बाटली संपल्यावर. नारळाच्या दुधाने जीभ माखली की वाईन पाण्यासारखी लागते.

पाचोळा

मंडळी, रविवार झाला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

बाटली सकाळपासून फ्रिजच्या तळाशी, जेवताना बर्फाच्या पाण्यात. पेले मोठे. सुरुवातीला खारे काजू आणि कोथिंबीर वडी, बिनगुळाची. मग खाडीकाठ यांची जवळ्याची भजी. पहिली दोन जाड झाली, तिसऱ्यापासून तेल जास्त तापवलं आणि डावेची पाठ जमली. वरणभात, तुमची वडी चांगलीच जुळली, पण भजी आली आणि टेबल गप्प झालं. जवळ्याची कुरकुर, बेसनाचा खमंगपणा आणि त्यावर तो गार कोरडा घोट. तळलेल्याचा तुपकटपणा धुतला जात होता आणि जवळ्याची गोडी उलट वर येत होती. ज्या चवीला मी पहिल्या रात्री कडवट म्हटलं होतं, ती इथे लिंबाचं काम करत होती. एरवी माझ्या यजमानांना तळलेल्या माशावर लिंबू लागतंच. रविवारी लिंबाची फोड तशीच राहिली.

बोंबील छान लागले, पण भज्यांइतके नाही. बोंबील आतून इतका मऊ असतो की फिनोचा कडकपणा त्याच्यावर थोडा जास्त होतो. खाडीकाठ, रागावू नका. मांदेली मात्र भज्यांच्या बरोबरीची. शेपटीपर्यंत कुरकुरीत, आणि सेव्हियाकर म्हणतात ती खडूची पकड मला मांदेलीबरोबरच पहिल्यांदा नीट कळली. गिळल्यानंतर मोजून पाहिलं, बराच वेळ राहते.

एक प्रयोग फसला. आमच्या पाहुण्यांनी सुक्या जवळ्याची लाल चटणी आणली होती. तिच्याबरोबर घशात नुसता जाळ झाला. मिरचीबद्दल सेव्हियाकर यांनी आधीच बजावलं होतं.

तर्कट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, शेजारी ठेवायला दुसरी बाटली नव्हती. पण सासूबाईंनी रिकाम्या पेल्याचा वास घेतला. त्यांना बाटलीबद्दल, पांढऱ्या मातीबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं. म्हणाल्या, "लहानपणी दिवाळीआधी घराला चुना काढायचे, तेव्हा असा वास यायचा." मी पहिल्या दिवशी हेच लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलेलं नाही.

तर्कट

सासूबाईंना नमस्कार सांगा. चुन्याचा हा वास रसायनशास्त्राच्या हिशोबाने मातीतून आला की सायीतून, हे मी अजून विचारत राहणार. पण पुढची बाटली उघडाल तेव्हा मलाही बोलवा, मी माझ्यातर्फे एकत्रित मळ्यांची एक फिनो घेऊन येईन. दोन पेले, कागदात गुंडाळलेल्या बाटल्या, आणि परीक्षक सासूबाई.

द्राक्षकरी

मी पण येतो. बरोबर आमच्या रानातली माती आणतो, वासाला.

खाडीकाठ

बोंबलाबद्दल अजिबात राग नाही. पुढच्या वेळी जास्त वेळ दाबून ठेवा, पाणी राहिलं असणार.

पाचोळा

नक्की. सगळे या. दीर मे महिन्यात पुन्हा तिकडे जात आहेत. सेव्हियाकर, या वेळी तिओ दिएगो आणायला सांगू का? आणि तिच्याबरोबर काय करू?

सेव्हियाकर

सांगा. मेमध्ये हेरेसची घोड्यांची जत्रा असते, त्यांना गर्दीची तयारी ठेवून जायला सांगा. आणि तिओ दिएगोसाठी गावठी कोंबडी, भाजलेल्या कांद्याच्या वाटणातली, तिखट हात राखून.